उतरणीची तयारी डाव्या पायापासून

पाऊस संपला की आपल्या मुंबईतल्या फोर बाय फोरवाल्यांचे (ज्यांच्या गाडीत इंजिनाचा जोर चारही चाकांना देता येतो) कर्जत-मुरबाडकडचे प्लॅन सुरू होतात आणि सगळे विचारतात चढायचं कसं, पण चढताना फसलं तर गाडी बहुतेक वेळा अडकते, उतरताना फसलं तर ती सुटते, म्हणून ही तयारी फक्त उतरणीची.

सुरुवात आठवडाभर आधी, आणि ती पायापासून. जेव्हीएलआर नाहीतर ईस्टर्नच्या ट्रॅफिकमध्ये रोज चालवून आपल्याला सवयच लागलेली असते, उजवा पाय ब्रेकवर गेला की डावा आपोआप क्लचवर. शहरात चालतं, पण खड्या उतारावर क्लच दाबला की चाकांना धरून ठेवणारं इंजिन बाजूला झालं, गाडी न्यूट्रलमध्येच सोडली म्हणा ना. घाटातले जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर, त्यातलं मर्म हेच. मी आमच्या सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर रात्री वर्दळ नसताना सराव केला, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, डावा पाय मागे सीटजवळ ओढून घेतलेला, गाडीला स्वतःच्या चालीने उतरू द्यायचं. पहिल्या चार-पाच खेपांना पाय आपोआप उचलला जायचा, तो थांबेपर्यंत मी ट्रेलवर गेलो नाही आणि तुम्हीही जाऊ नका. फक्त हा सराव टू-व्हीलमध्येच करा, पार्ट-टाइम फोर व्हील (लिव्हरने हवं तेव्हाच चारही चाकं जोडणारं) कोरड्या काँक्रीटवर लावलं तर वळताना गाडी बांधल्यासारखी होते.

त्याच आठवड्यात ब्रेक ऑईल बघून घ्या, याबाबतीत लोक फार निष्काळजी असतात. हे ऑईल हवेतला ओलावा शोषतं आणि आपली हवा तर बारा महिने दमट. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी मुरलेल्या ऑईलसाठी तोच आकडा १५५ वर येतो, आणि लांब उतारावर ब्रेक तापून ऑईल उकळलं की पाइपात वाफ धरते आणि पेडल स्पंजसारखं आत जातं. दोन वर्षं झाली असतील तर बदलूनच टाका, पॅडही त्याच वेळी बघून घ्या.

आदल्या रात्री गाडीतलं सगळं सुटं सामान बांधायचं. जॅक, टूलकिट, टो स्ट्रॅप, कूलर बॉक्स, सगळं पट्ट्याने आवळून, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट हुकात बसलंय का तेही बघायचं. एकदा अर्ध्या उतारावर बायकोच्या बाजूची स्टीलची बाटली घरंगळत येऊन माझ्या ब्रेक पेडलच्या मागे अडकली, पाय दाबला तर पेडल खालीच जाईना. गाडी फोर-लो (चारही चाकं जोडलेली, सगळ्यात संथ रेंज) पहिल्यात होती म्हणून रांगत राहिली आणि बायकोने वाकून बाटली ओढून काढली. तेव्हापासून आमच्या गाडीत बाटल्या मागे, झिपच्या बॅगेत.

डांबरी सोडल्यावर टायरची हवा कमी करा, मी ३० च्या आसपासची २० पीएसआयवर आणतो, टायर पसरतो आणि सुट्या मुरमात पकड येते. कंप्रेसर घेतल्याशिवाय मात्र हवा सोडू नका.

उतार आधी पायी उतरायचा, कितीही घाई असली तरी. बूट घसरतोय का, कातळावर शेवाळ आहे का, पाण्याने पाडलेली घळ कुठल्या बाजूला आहे, आणि मुख्य म्हणजे तळाशी जमीन एकदम सपाट होते का, कारण तिथेच बंपर टेकतो. तीन दारांच्या महिंद्रा थारचा अप्रोच अँगल (बंपर न टेकता गाडी पेलू शकेल तो समोरच्या चढाचा कोन) ४१.८ अंश आहे, बहुतेक गाड्यांचा याहून कमीच. खाली एक माणूस उभा करा, त्याच्या हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या, तोही गाडीच्या सरळ रेषेत नको, बाजूला. आणि पुढची गाडी पूर्ण बाहेर पडल्याशिवाय दुसरी सोडायची नाही.

फोर-लो वरच्या सपाटीवर, गाडी थांबवून लावा आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागल्याची खात्री करा, कडेवर नाक झुकल्यावर लिव्हरशी झटापट नको. मारुतीच्या जिम्नीत लो रेंजने गिअरिंग साधारण दुप्पट होतं, थारमध्ये जवळपास अडीच पट, म्हणून पहिल्यात गाडी माणसाच्या चालीने उतरते. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिला धरून ठेवा. हिल डिसेंट (उतारावर गाडीचा वेग आपोआप आवरणारी यंत्रणा) असेल तर जरूर लावा, खालून येणारा करकर आवाज एबीएसने ब्रेक धरल्याचा असतो, घाबरू नका, पण ते लो गिअरच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

पुढचं मनात घोकून मगच सीटबेल्ट लावा. गाडी सरळ उताराच्या रेषेत ठेवायची, मध्येच आडवी घातली तर कलंडते. ब्रेक लागलाच तर अलगद, पुढची चाकं लॉक झाली की स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नाही. आणि मागची बाजू घसरून आडवी यायला लागली तर ब्रेक सोडून नाक खाली उताराकडे वळवायचं आणि थोडा, अगदी थोडा अॅक्सिलरेटर द्यायचा, चाकं परत फिरायला लागली की गाडी सरळ होते. हे त्या क्षणी सुचत नाही, तेव्हा जीव ब्रेक दाबायला सांगतो, म्हणून वर उभं असतानाच दोनदा मोठ्याने म्हणा. इंजिन बंद पडलं तर ब्रेक दाबून धरायचा, सोडून परत परत मारायचा नाही, ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरलेला असतो. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, दगडाने चाक झटकलं तर दुखावतात.

खाली पोचल्यावर फोर-लो काढा, ब्रेकचा जळका वास येतोय का बघा, येत असेल तर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकाला दगड लावून गार होऊ द्या, आणि हायवेला लागायच्या आधी टायरमध्ये परत पूर्ण हवा भरा.