मुलाच्या हृदयाचे ठोके अनियमित असतील तर या चुका टाळा

माझ्या लेकीला सहाव्या वर्षापासून एसव्हीटी (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया) आहे, आता ती बारा वर्षांची झाली. हृदयात करंट जायची एक जादा वाट असते, तिच्यातून तो गोल गोल फिरायला लागला की ठोके एकदम पळत सुटतात, मोठ्या मुलांत मिनिटाला 180च्या वर आणि तान्ह्या बाळांत 220च्या वर. मग जसे सुरू झाले तसेच झटक्यात थांबतात. इतक्या वर्षांत किती आईबाबांशी बोलले, आणि दर वेळी त्याच त्या चुका ऐकून जीव तुटतो, म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अटॅक, म्हणजे ठोके पळत सुटलेले असणं, चालू असतानाचा ईसीजी हातातून घालवणं. अटॅक थांबला की बऱ्याच मुलांचा ईसीजी एकदम नॉर्मल येतो, त्यामुळे डॉक्टर कितीही हुशार असले तरी त्यांना त्या वेळचा कागद लागतो. आमचं काय झालं सांगते. पहिल्या दोन वेळी मी आधी पाणी पाजलं, मग नवऱ्याला फोन, मग तिचे कपडे बदलले, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं शांत. रिपोर्ट स्वच्छ. "घाबरली असेल, शाळेचं टेन्शन असेल" असं सांगून घरी पाठवलं. तिसऱ्या वेळी ठोके चालू असतानाच पोचलो, पण काउंटरवर फॉर्म भरत बसलो, तिला उलटी झाली आणि ठोके जागेवर आले. नंतर कळलं की उलटीच्या जोराने व्हेगस नर्व्ह, म्हणजे ठोके मंदावणारी नस, चाळवली जाते आणि त्याने एसव्हीटी तुटू शकते. तिच्यासाठी बरंच झालं, पण पुरावा गेला आणि आमचे आठ महिने गेले, त्या आठ महिन्यांत मी माझ्याच पोरीला "उगाच घाबरतेस" म्हणाले, ते आजही आठवलं की पोटात तुटतं.

चौथ्या वेळी दारातच मोठ्याने सांगितलं, ठोके आत्ता पळतायत, आधी ईसीजी काढा, फॉर्म मागाहून भरते. पाच मिनिटांत बारा लीडच्या, म्हणजे पूर्ण ईसीजीचा कागद निघाला आणि निदान तिथेच झालं. हेच वाक्य पाठ करून ठेवा. नसेत औषध देऊन ठोके थांबवणार असतील तर ते देतानाही ईसीजीची पट्टी चालू ठेवायला सांगा, ठोका कसा तुटला त्यावरून डॉक्टरांना बरंच कळतं. आणि निघालेल्या प्रत्येक कागदाचा लगेच फोटो काढा, तो कागद काही वर्षांत फिका पडतो.

पण मूल बेशुद्ध पडलं, पांढरंफटक पडलं, श्वास लागला तर यातलं काही करत बसू नका, तेव्हा सरळ ॲम्ब्युलन्स. खेळताना किंवा मोठ्या आवाजाने दचकून चक्कर येऊन पडलं, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर मूल नंतर टुणटुणीत दिसलं तरी "उन्हाने झालं असेल" म्हणून सोडून देऊ नका. लाँग क्यूटीसारखे हृदयाच्या करंटचे धोक्याचे आजार असेच दिसतात.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक नाडी मोजण्याची. मनगट धरून "खूप फास्ट आहे" एवढं सांगून काही उपयोग नाही. इतके जोरात ठोके मनगटावर बोटाने मोजताच येत नाहीत, निम्मे सुटतात. मी छातीला कान लावते आणि प्रत्येक ठोक्याला कागदावर पेनाने ठिपका देते, नवरा 15 सेकंद बघतो, मग ठिपके मोजून चारने गुणायचं. शिवाय मानेचा व्हिडिओ काढते, शीर उडताना स्पष्ट दिसते. सुरू कधी झालं, थांबलं कधी, एकदम थांबलं की हळूहळू, हे तिथल्या तिथे लिहायचं. तापात ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात, एसव्हीटी बटण दाबल्यासारखी येते-जाते, त्यामुळे ही नोंद सोन्यासारखी आहे.

रिपोर्टवर "सायनस अरिदमिया" वाचून रात्रभर रडणारे पालकही भेटतात. अहो, श्वास आत घेताना ठोके वाढणं आणि सोडताना कमी होणं मुलांत नॉर्मल आहे! डॉक्टरांना विचारा, गुगलला नको.

ॲपलच्या घड्याळातलं ईसीजी ॲप 22 वर्षांखालच्यांसाठी बनवलेलंच नाही. त्यातली पट्टी डॉक्टरांना दाखवा जरूर, पण घड्याळ नॉर्मल म्हणालं म्हणून घरी थांबू नका.

ठोके थांबवायला व्हिडिओ बघून डोळे दाबणं, मान चोळणं अजिबात नको. सिरिंजमध्ये फुंकणं, चेहऱ्यावर बर्फाची पिशवी हे उपाय खरे आहेत, पण तुमच्या डॉक्टरांनी समोर करून दाखवल्यावरच, आणि बाळाचं नाक-तोंड कधीच झाकायचं नाही. शॉर्टकट शोधणाऱ्यांचा मला राग येतो तो इथेच.

प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे ठोके आवरणारं औषध, चालू असेल तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. मूल जेवत नसेल, उलट्या होत असतील तर डोस द्यायच्या आधी फोन करा, या औषधाने उपाशीपोटी रक्तातली साखर खाली जाऊ शकते. सर्दीचं सिरप विचारल्याशिवाय नको, नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी ठोके वाढतात. होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद ठेवणारं अंगावरचं मशीन, लावलं की पोराला दिवसभर सोफ्यावर बसवू नका, नेहमीसारखं पळू द्या, नाहीतर 24 तासांत मशीनला सापडणार काय?

आणि मुलाचे शब्द नीट ऐका. धडधड होतंय असं लहान मूल म्हणत नाही. माझी म्हणायची, "आई, छातीत फोन व्हायब्रेट होतोय." मी पहिल्यांदा ते हसण्यावारी नेलं होतं.