क्रूझवर जाताय? जेवणाच्या टेबलावर या चुका टाळा

पावसाळा संपला की गोव्याच्या मुरगाव बंदरात क्रूझची जहाजं लागायला सुरुवात होते आणि तेव्हापासून मेपर्यंत माझा फोन काही थांबत नाही. फोंड्यातले, डिचोलीतले, पेडण्यातले ओळखीचे लोक, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे शेजारी, आणि प्रश्न सगळ्यांचे तेच. जहाजावर शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, मिळतं का? आईची एकादशी मध्येच येते, कसं करायचं? मुलाला काजू चालत नाही, डबा घेऊन जाऊ का? मी परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर डायनिंग रूममध्ये बरीच वर्षं काढलीत, असिस्टंट वेटरपासून हेडवेटरपर्यंत, आणि आपल्या लोकांच्या त्याच त्याच चुका इतक्या वेळा बघितल्यात की आता एकदा सगळं लिहूनच टाकतो. जहाजाचं किचन तुमच्यासाठी जवळजवळ काहीही करून देऊ शकतं, फक्त त्यांना ते वेळेवर आणि खरं सांगावं लागतं, आणि ज्याला सांगून उपयोग आहे त्याला सांगावं लागतं. आपले लोक नेमके इथेच घोळ घालतात.

"एजंटला सांगितलंय ना आम्ही"

पहिल्या रात्री टेबलावर बसल्यावर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. एजंटला सांगितलं म्हणजे जहाजाला कळलं असं होत नाही. बऱ्याचदा एजंटने फॉर्मवर नुसतं "व्हेज" लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. विमानात तिकिटावर जैन मील टाकलं की ट्रे आपोआप समोर येतो, तशी सवय झालेले लोक जहाजावरही तेच धरून चालतात. जहाजाला लागणारा माल ज्या बंदरात फेरी सुरू होते तिथे एकदाच भरला जातो, मध्ये समुद्रात साबुदाणा संपला म्हणून म्हापशाच्या बाजारात कोणाला पाठवता येत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या खास आहाराची मागणी महिना-दीड महिना आधी लेखी मागतात. ते ईमेल तुम्ही स्वतः करा, बुकिंग नंबर घालून, आणि उत्तर आलं की ते प्रिंट काढून जवळ ठेवा. फोनवर "हो हो होईल" म्हणालेल्या माणसाचं नावसुद्धा नंतर कोणाला आठवत नाही.

आणि एवढं करून थांबू नका. जहाजावर चढलात की त्याच दुपारी डायनिंग रूममध्ये जाऊन मेटर-डीला, म्हणजे तिथल्या मुख्य माणसाला, भेटा. पहिल्या दुपारी तो टेबलं बदलून द्यायला बसलेलाच असतो, लोक मात्र त्या वेळी पूलवर फोटो काढत असतात. केबिन साफ करणाऱ्या मुलाला सांगून काही होत नाही, तो बिचारा मान डोलावतो कारण त्याला नाही म्हणता येत नाही. त्यानंतर रोज रात्री तुमचा हेडवेटर दुसऱ्या दिवशीचा मेनू घेऊन येईल, त्यातलं काय हवं ते तेव्हाच सांगायचं, पाच मिनिटांचं काम आहे. सॉस आणि ग्रेव्हीचा बेस सकाळीच लागतो, आदल्या रात्री कळलं तर तुमचा भाग कांदा, लसूण, क्रीम, काजू पडायच्या आधी बाजूला काढता येतो. रात्री साडेआठला सांगितलंत तर सगळं त्यात पडून गेलेलं असतं आणि तुमच्यासमोर उकडलेल्या भाज्या येतात, मग घरी येऊन सांगायचं की जहाजावर शाकाहारी माणसाचे हाल होतात. "सुट्टीवर आलोय, उद्याचं उद्या बघू" म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो, पाच मिनिटं बसा, आठवडाभर नीट जेवाल.

नसलेली अ‍ॅलर्जी सांगणं

या चुकीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

भूमध्य समुद्रातल्या एका फेरीत आपल्याकडचीच एक मोठी फॅमिली माझ्या सेक्शनला होती. पहिला दिवस सोमवार. मी मराठीत बोललो म्हणून घरातले काका एकदम खूष झाले, आणि बसल्या बसल्या म्हणाले, मला मासळीची अ‍ॅलर्जी आहे, सगळ्या प्रकारच्या. मी विचारलं, काका खाल्ल्यावर काय होतं, घसा सुजतो का, पुरळ येतं का? म्हणाले, सगळं होतं, तू लिही.

मी लिहिलं. आता हे लिहिल्यावर आत काय होतं ते बघा. सिस्टीममध्ये तुमच्या केबिन नंबरावर अ‍ॅलर्जी चढते, सू-शेफकडे, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालच्या शेफकडे, वेगळा कागद जातो, तो बोर्ड, सुरी, पॅन सगळं बदलायला लावतो, कुक हात धुऊन नवीन ग्लव्ह्ज घालतो, सगळ्यांच्या तळणीतलं काहीही त्या ताटात जात नाही, ताटावर झाकण आणि झाकणावर चिठ्ठी, आणि ते ताट मी स्वतः हातात घेऊन येतो, बाकीच्या ताटांबरोबर एका ट्रेमध्ये ठेवत नाही. शेकडो ताटं एकाच वेळी निघत असताना एका ताटासाठी सगळी लाइन थांबते. आणि थांबलीच पाहिजे, कारण खरी अ‍ॅलर्जी असेल तर चमच्यावर लागलेला रससुद्धा माणसाला हॉस्पिटलात पोचवतो, आणि भर समुद्रात हॉस्पिटल म्हणजे जहाजावरच्या डॉक्टरच्या दोन-चार खोल्या.

मंगळवारी काकांनी ग्रिल्ड प्रॉन्स मागवले. मी म्हटलं, काका, तुमची अ‍ॅलर्जी? तर म्हणाले, अरे अ‍ॅलर्जी कसली, काल सोमवार होता ना, आमचं शिवराक असतं, तसं सांगितलं की हे लोक नीट वेगळं करून देतात असं कोणीतरी सांगितलं होतं. किचनने अर्थात प्रॉन्स द्यायला नकार दिला, एकदा नोंदलेली अ‍ॅलर्जी माझ्या शब्दावर निघत नाही, मेटर-डीला मध्ये पडावं लागतं. काकांचा आवाज चढला, आजूबाजूची टेबलं बघायला लागली, मी तिथे अडकलो.

त्याच वेळी दोन टेबलं सोडून एक बारा-तेरा वर्षांची मुलगी बसली होती, आपल्याच देशातली, तिला खरोखरची कोळंबीची अ‍ॅलर्जी. मी काकांकडून सुटून किचनमध्ये शिरलो तर माझ्या हाताखालचा नवा पोरगा कुकला सांगत होता, जाऊ दे, हीपण तसलीच असेल, आत्ताच बघितलं ना. ते ताट मी तिथल्या तिथे थांबवलं. पास्त्यावरचा सॉस कोळंबीच्या पॅनमधल्याच पळीने वाढलेला होता. सगळं टाकून दिलं आणि पहिल्यापासून करायला लावलं. मुलीला बराच वेळ थांबावं लागलं, तिची आई माझ्यावर चिडली, तिचं चिडणं बरोबरच होतं. त्या पोराला मी झापलं, पण तो काही वाईट मुलगा नव्हता, त्याने जे डोळ्यासमोर बघितलं त्यावरून त्याने ठरवलं की हे लोक उगाच सांगतात.

सोमवार आहे, गुरुवार आहे, श्रावण आहे, माळ घातलीय, जे असेल ते तसंच सांगा ना. धर्माच्या कारणाने खात नाही म्हटलं की जहाजावर त्याचाही तेवढाच मान ठेवतात, मुसलमानांचं हलाल आणि ज्यूंचं कोशर जेवण रोज जातं तिथून, आपलं सोमवारचं व्रत त्यांना अवघड नाही. आवडत नसेल तर आवडत नाही म्हणा. अ‍ॅलर्जी हा शब्द ज्यांचा जीव त्यावर अवलंबून आहे त्यांच्यासाठी ठेवा.

नुसतं "व्हेज" म्हणून गप्प बसणं

युरोपियन किचनमध्ये ताटात मांसाचा तुकडा दिसला नाही की ती डिश बऱ्याच कुकांच्या हिशेबी व्हेज. भाज्यांचं सूप हाडांच्या स्टॉकवर, म्हणजे हाडं उकळून काढलेल्या पाण्यावर, केलेलं असू शकतं. थाई करीत फिश सॉस आणि कोळंबीची पेस्ट असते, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही मासे, पॅनाकोटा आणि मूससारख्या गोड पदार्थांत जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं जिलेटिन असू शकतं, आणि खरं पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध फाडणाऱ्या रसाशिवाय, बनतच नाही. एका काकूंनी "भाज्यांचंच आहे" म्हणून मिनेस्ट्रोनी हे इटालियन सूप मागवलं होतं, मी चमचा तोंडाजवळ जायच्या आत वाटी उचलली, त्या दचकल्या, नंतर जाताना मात्र डोक्यावर हात ठेवून गेल्या. त्यामुळे अंडं, स्टॉक, मासळीचे सॉस, जिलेटिन, चीज, प्रत्येकाचं नाव घेऊन चालतं की नाही ते सांगा. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, आलं अशी पूर्ण यादीच द्या.

उपवासाचंही तसंच. काय चालतं त्याची यादी करा, म्हणजे साबुदाणा, वरी, शेंगदाणे, बटाटा, रताळं, दही, फळं. ही यादी इंग्रजीत एका कागदावर लिहून हेडवेटरच्या हातात द्यायची, तो ती किचनमध्ये चिकटवतो. साबुदाणा आणि वरी भारतीय फेऱ्यांवर मिळू शकेल, बाहेरच्या जहाजावर आधी लिहिलं नसेल तर विसरा, फळं आणि दह्यावर दिवस काढायची तयारी ठेवा.

ज्यांना गव्हाचा त्रास आहे, सिलिअ‍ॅक आहे, त्यांनी भारतीय काउंटरवर जास्त सांभाळायचं, कमी नाही. डाळ-भात सेफ वाटतो, पण फोडणीतल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, आणि चायनीज काउंटरच्या सोया सॉसमध्येही गहू असतो. काजूची अ‍ॅलर्जी असेल तर कोर्मा, शाही पनीर, मलई कोफ्ता असली पांढरी किंवा मखमली ग्रेव्ही सरळ टाळा, ती काजूवरच उभी असते.

बुफे

अ‍ॅलर्जीवाल्याने बुफेवर जेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्यासमोर पाटी अगदी बरोबर असेल, पण पुढचा माणूस कोळंबीतला चिमटा पनीरमध्ये ठेवून गेला त्याला किचन काय करणार? मी रोज बघायचो. टेबलावर बसून जेवायचा कंटाळा येतो, लाइनीत उभं राहून पटकन खाऊन घेऊ म्हणतात, आणि हा पटकनचा शॉर्टकटच महागात पडतो. अगदी जायचंच असेल तर बुफेच्या शेफला गाठा आणि आतून वेगळं मागा, ते देतात.

हात साबणाने धुवा. दारात उभा असलेला मुलगा सॅनिटायझर मारतो तेवढ्यावर भागत नाही, जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलने नीट मरत नाही, त्याला साबण आणि वीस सेकंद लागतात. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांवर सीडीसीचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचे, लोक न सांगता तपासणीला येतात, १०० पैकी ८५ किंवा त्याखाली आलं की जहाज नापास. क्रू त्यासाठी रात्ररात्र घासत असतो, आणि आपण टॉयलेटमधून येऊन थेट पोळीला हात लावतो. पोळी घेतली तर चिमट्याने, आणि हाताला लागलेली परत ठेवायची नाही. पोट बिघडलंच तर मेडिकलला कळवा, लपवून डायनिंग रूममध्ये येऊ नका.

घरचा डबा आणि इलेक्ट्रिक किटली

पूर्वी मुंबई-पणजी आगबोटीच्या डेकवर लोक भाकरी-चटणी बांधून न्यायचे, त्या आठवणी घरोघरी आहेत, म्हणून आजी अजून लाडू-चिवड्याबरोबर डब्यात भाजी भरून देते. सीलबंद कोरडा खाऊ बहुतेक ठिकाणी चालतो, शिजवलेलं अन्न नाही. जहाजांचा नियम साधा आहे, गरम अन्न ५७ अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली, मधल्या तापमानात तासन्‌तास राहिलेलं काही जहाजावर नको. किटली, इंडक्शन, इस्त्री तर बॅग स्कॅन होतानाच काढून घेतात. केबिनमध्ये खिचडी शिजवायचा विचारही करू नका, जहाजाला आगीइतकी भीती कशाचीच नसते. त्याच कारणासाठी सिगारेटचं थोटूक बाल्कनीतून फेकायचं नाही, ते वाऱ्याने खालच्या बाल्कनीत परत येतं. २००६ मध्ये जमैकाजवळ स्टार प्रिन्सेस जहाजाच्या बाल्कन्या पेटल्या आणि एक प्रवासी गेला, त्याचं कारण बहुधा असंच एक थोटूक होतं.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

वेटरला "ए", "शुक शुक" नाही, चुटकी तर अजिबात नाही, त्याच्या छातीवर नाव लिहिलेलं असतं, ते घ्या. स्विमिंगच्या ओल्या कपड्यांत डायनिंग रूममध्ये यायचं नाही. पहिल्या सीटिंगला, म्हणजे जेवणाच्या पहिल्या पाळीला, अर्धा तास उशिरा आलात तर तुमच्या मागच्या सीटिंगच्या लोकांचं जेवण उशिरा होतं. पूलवरच्या खुर्चीवर टॉवेल टाकून नाश्त्याला जाऊ नका. ताटात घ्या तेवढंच संपेल तेवढं. जेवताना स्पीकरवर व्हिडिओ कॉल नको, गावाकडच्यांना समुद्र नंतर दाखवता येतो. मांडवीवरच्या तासाभराच्या बोटीत नाच-गाणं झालं म्हणून रात्री एक वाजता केबिनच्या कॉरिडॉरमध्ये तसं करू नका, भिंती पातळ असतात.

सेफ्टी ड्रिल चुकवू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हे ऐकलं की कुठे जायचं ते मुलांनासुद्धा माहीत हवं. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज खडकावर आदळलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, ३२ माणसं गेली, त्यानंतर निघायच्या आधी किंवा निघाल्याबरोबर ड्रिल सक्तीचं झालं.

औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग पहिल्या दिवशी केबिनला पोचायला संध्याकाळ होते. अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन डॉक्टरांनी दिलं असेल तर ते केबिनमध्ये ठेवून जेवायला येऊ नका, टेबलावर जवळ असू दे, आणि ते कसं टोचायचं हे बरोबरच्या एका तरी माणसाला माहीत असू दे.

आणि उतरायच्या दिवसाचा नाश्ता. त्या सकाळी किचनमध्ये एकीकडे जुना माल मोजला जात असतो, दुसरीकडे नवीन चढत असतो, क्रूची अदलाबदल चालू असते, आणि खास आहारवाल्यांचं नेमकं त्याच वेळी विसरलं जातं. आदल्या रात्री हेडवेटर शेवटचा भेटायला येईल, तेव्हा त्याच्याकडून सकाळचंही लिहून घ्या, किती वाजता आणि कुठल्या रेस्टॉरंटमध्ये तेसुद्धा, कारण त्या दिवशी तुमचं नेहमीचं टेबल नसतं.