रिसेल फ्लॅटचा व्यवहार रखडलाय? या चुका टाळा

"मॅडम, वकील लोक मुद्दाम लांबवतात का हो?" आठवड्यातून एकदा तरी हे ऐकावं लागतं. मी पुण्यात एका वकिलांच्या ऑफिसात सर्च (मालमत्तेचे जुने व्यवहार तपासणं) आणि दस्तनोंदणीची कामं बघते, सतरा वर्षं झाली. लांबवणारेही असतात, खोटं कशाला बोलू! पण माझ्यासमोर रखडलेले बहुतेक व्यवहार अशा एखाद्या कागदावर अडले, जो पहिल्या दिवशी मागता आला असता आणि मागितला गेला दीड महिन्यानं.

आधी टोकन, मग कागद

एक जोडपं कोथरूडमध्ये फ्लॅट घेत होतं. इमारत १९९१ सालची, तिसरा मजला, हवा-उजेड छान. पाडव्याचा मुहूर्त साधून पाच लाख टोकन देऊन मोकळे झाले आणि मग मला व्हॉट्सॲपवर इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याचा, फोटो आला: "पेपर क्लिअर आहेत, फक्त रजिस्ट्रेशन बाकी."

इंडेक्स टूवरून दस्त कोणाकोणात झाला, किती रकमेचा, कधी नोंदला एवढं कळतं. मूळ दस्त कोणाच्या कपाटात आहे ते त्यावरून कळत नाही.

हा फ्लॅट आधी दोनदा विकला गेला होता. म्हणजे तीन करारनाम्यांची साखळी हवी: बिल्डरकडून पहिल्या मालकाला, १९९९ मध्ये त्याच्याकडून दुसऱ्याला, २००८ मध्ये दुसऱ्याकडून सध्याच्या काकांना. मधल्या दस्ताची नुसती झेरॉक्स. काका म्हणाले, "आम्हालाही झेरॉक्सच मिळाली होती." त्यांनी कर्ज न काढता घर घेतलं होतं, त्यामुळे मूळ प्रत विचारायला कोणी आलंच नाही. लोकांना वाटतं, घरावर कर्ज नाही म्हणजे कागद स्वच्छ. मला उलट धास्ती वाटते. ज्या फायलीला कधी बँकेचा वकील भेटलेला नाही, ती मी दोनदा वाचते.

घेणाऱ्यांच्या बँकेनं अर्थातच चेक अडवला. मग दस्त हरवल्याची पोलिसांत तक्रार, एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात जाहीर नोटीस, हरकतींसाठी १४ दिवस, दुय्यम निबंधकांकडे (दस्त नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयात) सर्टिफाइड कॉपीचा अर्ज. एकेकात दिवस जातात. तेवढ्यात कर्जाच्या मंजुरीपत्राची मुदत संपली, पगाराच्या स्लिपा पुन्हा नव्यानं. आणि नोटीस छापून आल्यावर दुसऱ्या मालकांचा फोन: दस्त त्यांच्याच लोखंडी कपाटात! कर्ज फेडून बँकेतून फाइल आणली, कपाटात टाकली, पुढे फ्लॅट विकला आणि फाइल तिथेच राहिली. "कोणी मागितलीच नाही हो," म्हणाले.

माझी सवय सांगते. मूळ दस्त टेबलावर आल्याशिवाय टोकन नाही, फोटोवर तर नाहीच. सगळे करारनामे तारखेप्रमाणे लावायचे, पेन्सिलनं नंबर घालायचे, मधला नंबर चुकला तर तिथेच थांबायचं. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून जमा कागदांची यादी. सख्ख्या भावालाही मी ५१ हजारांच्या वर टोकन देऊ दिलं नाही, तेही "कागद अपुरे निघाल्यास परत" असं पावतीवर लिहून घेऊन. एजंट म्हणेल, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. येऊ दे.

मुदत भलत्याच दिवसापासून मोजणं

करारनाम्यात "आजपासून ४५ दिवसांत उर्वरित रक्कम" असं तयार वाक्य असतं आणि घाईतली मंडळी सही ठोकतात. आता हिशेब करा. तुमच्या बँकेनं विकणाऱ्याचं कर्ज फेडलं की मूळ कागद सोडायला त्याच्या बँकेला ३० दिवस मिळतात. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, पण ती कर्जदाराला. तुमच्या हाती काही नाही. मी मसुद्यात वाक्य बदलून घेते: सोसायटीचं ना-हरकत पत्र, कर्ज फिटल्याचं पत्र आणि मूळ दस्त, यांतला शेवटचा कागद मिळाल्यापासून ३० दिवस. भाड्याचं घर सोडायची नोटीसही त्यानंतरच द्या.

सही झालेला दस्त चार महिन्यांत नोंदणीला सादर करावा लागतो. पुढचे चार महिने मिळतात, पण दंड भरून.

बाकीच्या, थोडक्यात

व्यवहार ५० लाख किंवा वरचा असेल तर तुम्हाला १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या आयकरापोटीची रक्कम, कापून सरकारकडे भरायचा असतो. विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर तोच २० टक्क्यांवर जातो, आणि मग रजिस्ट्रेशनच्या टेबलावर भांडणं. आधी तपासा.

"मुलाचं नाव आहे, पण तो अमेरिकेत असतो" हे वाक्य शेवटच्या आठवड्यात ऐकू येतं. अनिवासी विकणाऱ्याला ५० लाखांची सूट नाही, कपात बरीच मोठी, ती कमी करण्याचा दाखला यायला आठवडे जातात. मुखत्यारपत्रही तिकडून अपोस्टिल होऊन, म्हणजे तिथल्या सरकारी प्रमाणनाचा शिक्का लागून, यायला हवं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना रोज फोन करू नका, थकबाकी शून्य असल्याची पावती घेऊन जाऊन भेटा. ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या नावावर करायला सोसायटी घेते ती रक्कम) नियमातल्या २५ हजारांच्या वर मागितला तर म्हणा, लेखी द्या. आकडा खाली येतो.

मार्चअखेरीला रजिस्ट्रेशन ठेवू नका. १ एप्रिलला रेडीरेकनरचे दर (ज्यांवर मुद्रांक शुल्क ठरतं ते सरकारी दर) बदलतील या धास्तीनं सगळं पुणं तिथे असतं आणि सर्व्हर झोपतो.

कोथरूडच्या जोडप्याचे कागद शेवटी सप्टेंबरात पूर्ण झाले, तर पितृपक्ष लागला. सासूबाई नाही म्हणाल्या, आणखी पंधरा दिवस गेले. माझ्या स्वतःच्या फ्लॅटचा दस्त सर्वपित्री अमावास्येला झालाय. रांगेत पुढे एकच माणूस होता, साडेअकराला चहा पीत होते.