मुलींसाठी विज्ञान-संगणकाचं ॲप: घरातल्या एकाच फोनवर चालेल असं

कॉलेजच्या विद्यार्थिनींच्या गटाने मुलींना विज्ञान-संगणकाची गोडी लावणारं ॲप करायचं ठरवलं, की पहिली कल्पना निघते थोर शास्त्रज्ञ स्त्रियांच्या फोटोंची. असं ॲप एकदा बघितलं जातं, पुन्हा कोणी उघडत नाही. ॲपने मुलीकडून काहीतरी करून घ्यायला हवं. खान्देशातल्या गावांत सातवी-आठवीच्या मुलीला फोन मिळतो तो बहुधा घरातला माणूस शेतातून परतल्यावर, आणि तेवढ्यात कोणाचा तरी कॉल येतो. त्यामुळे धडा आठ-दहा मिनिटांचा आणि इंटरनेटशिवाय चालणारा ठेवा. प्रगती ॲप बंद करताना नाही, प्रत्येक उत्तरानंतर साठवा. बहिणी-बहिणी एकच फोन वापरतात, म्हणून सुरुवातीला टोपणनाव निवडायला लावा.

बनवायला एमआयटी ॲप इन्व्हेंटर पुरेसं आहे. ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि त्यात कोड लिहिण्याऐवजी ठोकळे जोडायचे असतात. खातं मात्र एका विद्यार्थिनीचं नको, गटाचं हवं. ॲपवर बसणारी सही, म्हणजे कीस्टोअर, खात्याला बांधलेली असते. ती मुलगी कॉलेज सोडून गेली आणि दुसऱ्या खात्यातून नवी आवृत्ती काढली, तर फोन ती जुन्यावर चढवू देत नाही. जुनं ॲप काढावं लागतं आणि साठवलेली प्रगतीही जाते. कीस्टोअरची फाइल पहिल्याच दिवशी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

चाचणीला फोनवर कम्पॅनियन ॲप लागतं, म्हणजे लॅपटॉपवर बनत असलेलं ॲप फोनवर चालवून दाखवणारं ॲप. कॉलेजच्या वायफायवर ते पुष्कळदा जोडलंच जात नाही, कारण तिथे एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी सोय केलेली असते. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप आणि चाचणीचा फोन दोन्ही त्यावर घ्या.

पहिला धडा केळीचा ठेवा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. लागवड ५ बाय ५ फुटांवर असेल तर २५ ने भागून १७४२ रोपं. ६ बाय ५ केली तर १४५२. मुलीने दोन चौकटी, एक बटण आणि भागाकाराचा ठोकळा जोडून हे गणित स्वतः बनवायचं. चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं की ॲप चूक दाखवतं. ही चूक आधीच झाकून टाकू नका. ती येऊ द्या, मग ‘चौकट रिकामी आहे का?’ ही अट जोडायला शिकवा. चौकटींना ‘नंबर्स ओन्ली’ (फक्त आकडे) ही सोय लावा, नाहीतर मराठी कीबोर्डवरचे आकडे गणितात चालतीलच असं नाही.

दुसरा धडा तापमानाचा. मे महिन्यातल्या जळगावात तापमापकाशिवाय वेगळं सामान लागत नाही. इथे ॲना मणी यांची ओळख शोभते: १९४८ साली त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या आणि पुढे शंभराच्या आसपास हवामान-उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले. माहिती तीन ओळींत संपवा आणि कामाला लावा. सावलीत टांगलेल्या तापमापकाच्या सात दिवसांच्या नोंदी भरायच्या, ॲपने सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी शोधायचं. सुरुवातीची किंमत ० धरली तर जास्तीचं उत्तर बरोबर येतं, कमीचं मात्र कायम ० दाखवतं, कारण आपल्याकडचा पारा तिथवर उतरतच नाही. पहिली नोंदच सुरुवातीची किंमत धरायची, हे मुलीला इथे आपसूक कळतं.

धड्यागणिक नवी स्क्रीन काढू नका. दहाच्या वर गेलात की ॲप जड होतं. प्रश्न सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) लिहा आणि एकाच स्क्रीनवर आणा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेव या जुन्या फाँटमधला मजकूर फोनवर निव्वळ अगम्य अक्षरांचा दिसतो. एक्सेलमधून जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं. प्रश्नात स्वल्पविराम असेल तर तो प्रश्न अवतरणचिन्हांत घाला.

लेखी मजकूर प्रमाण मराठीत, आवाज मात्र तालुक्याच्या बोलीत. अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलला लेवा गणबोली, धडगावकडे पावरी. एकाच अहिराणीवर सगळा खान्देश भागत नाही. पंखा बंद करून, गाद्या-गोधड्या असलेल्या खोलीत रेकॉर्ड करा. ३२ केबीपीएस, मोनो एमपी३ ठेवलं तर मिनिटाला साधारण २४० केबी लागतात. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

एपीके, म्हणजे फोनवर चढवायची ॲपची फाइल, बनवल्यावर दिसणारा क्यूआर दोनच तास चालतो, म्हणून फाइल उतरवून घ्या. ती चढवताना फोन धोक्याचा इशारा देतो आणि वडील तिथेच ‘नको’ म्हणतात. पालकसभेत त्यांच्यासमोर चढवा, केळीचा धडा त्यांनाच करू द्या. प्ले स्टोअरवर टाकायचं तर २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. घाई नसेल तरच त्या वाटेला जा.

मुलीचं खरं नाव, शाळा, मोबाइल नंबर काहीच मागू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. टोपणनाव आणि गुण फोनमध्येच, ॲप इन्व्हेंटरच्या टायनीडीबी या साठवणीत राहू द्या.