प्रेशर चेंबरवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.ला पाण्याच्या ताणाचा विषय मिळाला की बहुतेक जण टेन्सिओमीटर घेऊन जमिनीतला ओलावा मोजत बसतात. पण जमीन वाफशावर असूनही भर दुपारी द्राक्षवेल ताणात असू शकतो, आणि ते पानातच कळतं. त्यामुळे प्रेशर चेंबर, म्हणजे गॅसचा दाब देऊन पानातला पाण्याचा ताण मोजणारं उपकरण, लवकरात लवकर हाताळायला शिका.

1965 साली शोलँडर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. झाडाच्या जलवाहिन्यांतलं पाणी ताणलेलं असतं. पानदेठ कापला की ते आत सरकतं. पान चेंबरमध्ये, देठाचं टोक बाहेर, आणि नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवायचा. पाणी परत कापावर आलं, तो दाब म्हणजे मूळचा ताण. 10 बारला आलं तर उणे 1 मेगापास्कल (ताण म्हणून उणे चिन्ह).

खरी कसोटी भिंगातून बघण्याची. कोरडा, फिकट काप आधी गडद होतो, मग चकाकतो. तिथेच आकडा घ्या. फेस दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका, आणि दाब घाईने वाढवलात तर नेमका क्षण हुकलाच. ब्लेड नवं हवं, काप एकदाच. पुन्हा पुन्हा कापून देठ आखूड करू नये. द्राक्षाचा देठ लांब असल्याने शिकायला सोयीचा. डाळिंबाला छोटी फांदीच घ्यावी लागते, आंब्याचा चीक तर नवख्याला हमखास चकवतो.

खोडाचा ताण हवा असेल तर पान वेलीवरच प्लास्टिक पिशवी आणि फॉइलमध्ये तासभर तरी झाकून ठेवा. बाष्पोत्सर्जन थांबतं आणि पान खोडाशी जुळतं. द्राक्षात दुपारी असं मोजलेलं 6 बारच्या आसपास असेल तर वेल निवांत, 14 च्या पुढे गेलं तर अवस्था बिकट. वाणाप्रमाणे थोडं पुढेमागे. उघड्या पानाचे, झाकलेल्या पानाचे आणि पहाटेचे आकडे एका रकान्यात कधीच लिहू नका. (प्रबंध तपासणारे पहिलं बोट इथेच ठेवतात.)

उपकरण महाग, विभागात बहुधा एकच, आणि तेही सीनियरच्या ताब्यात! तोवर पानातलं सापेक्ष जलप्रमाण काढा: ताजं वजन, पाण्यात ठेवून फुगवलेल्या पानाचं वजन, ओव्हनमध्ये सुकवल्यावरचं वजन. ताज्यातून सुकं वजा करा, त्याला फुगलेलं वजा सुकं याने भागा आणि शंभराने गुणा. फुगलेलं पान टिपकागदाने अलगद टिपा, दाबू नका.

चेंबरवर बसताना गॉगल हवाच, कारण देठ सुटून गोळीसारखा उडू शकतो. गॅस पूर्ण सोडल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, मग मागे कितीही रांग असो.