बडोद्यात फ्लॅग फुटबॉल शिकवायचाय? आधी फ्लॅग ओढायला शिकवा

२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळलं जाणार हे पक्कं झालं. त्याच बातमीत क्रिकेटच्या मागून आणखी चार खेळ होते, त्यातला एक फ्लॅग फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा एक प्रकार. तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. आता मात्र शाळेतून, सोसायटीतून आणि ज्यांचे भाचे-पुतणे अमेरिकेत आहेत अशा पालकांकडून (बडोद्यात म्हणजे निम्मं गाव) विचारणा होते की हे आमच्या मुलांना शिकवणार कोण? तुम्ही बी.पी.एड. करत असाल, खो-खो-कबड्डी खेळलेले असाल आणि मुलांची एखादी टीम गळ्यात पडली असेल, तर हे तुमच्यासाठी. मी स्वतः खो-खोतून आले. मराठी मुलं मला ताई म्हणतात, गुजराती मुलं दीदी, आणि मैदानावर सूचना दोन्ही भाषांत द्याव्या लागतात.

नियम थोडक्यात सांगते, कारण ते एका सकाळी समजतात. प्रत्येक बाजूला ५ खेळाडू. कंबरेला पट्टा, पट्ट्याला लोंबणारे फ्लॅग, म्हणजे फिती. चेंडूवाल्याचा फ्लॅग समोरच्याने ओढून काढला की डाव तिथेच थांबतो. अशा एका प्रयत्नाला डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये मधली रेषा ओलांडायची, ओलांडली की आणखी चार डाउन मिळतात, त्यात टचडाउन करायचा, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, न्यायचा. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा, आणि ते त्यांच्या ५ यार्डांच्या रेषेवरून सुरुवात करतात. टचडाउनचे ६ गुण. त्यानंतर पुन्हा एकदा एंड झोन गाठायची संधी: ५ यार्डांवरून एक जादा गुण किंवा १० यार्डांवरून दोन, जे झेपेल ते. चेंडू जमिनीला लागला की मेला, त्यामुळे त्याच्यावर झडप घालणं, ढिगारा होणं हा प्रकारच नाही. ढकलणं, अडवणं, पाडणं बंद. क्वार्टरबॅक, म्हणजे सुरुवातीला चेंडू हातात घेणारा, तो स्वतः चेंडू घेऊन पुढे पळू शकत नाही, त्याने पास तरी द्यायचा नाहीतर दुसऱ्याच्या हातात तरी सोपवायचा.

मैदान ५० यार्ड लांब, दोन्ही टोकांना १० यार्डांचे एंड झोन, रुंदी २५ यार्ड. टेप नसेल तरी अडत नाही. क्रिकेटचं पिच २२ यार्डांचं, म्हणजे आपली रुंदी त्यापेक्षा जेमतेम तीन यार्ड जास्त. क्रिकेट खेळणाऱ्या कुठल्याही मुलाला सांगा, तो पावलांनी मापून चुना टाकून देतो.

आता मुद्द्याचं. नवा कोच पहिल्या दिवशी चेंडू काढतो आणि फेक शिकवायला लागतो. मुलांनाही तेच हवं असतं. माझं मत असं की पहिले कितीतरी दिवस चेंडू पिशवीतच ठेवावा आणि फक्त फ्लॅग ओढायला शिकवावं. लहान मुलांच्या सामन्यात अचूक पास क्वचित जातो, आणि गुण होतात ते बहुतेक समोरच्याला फ्लॅग सापडत नाही म्हणून. ज्या टीमला फ्लॅग ओढता येतो ती फेक येत नसली तरी सामन्यात टिकून राहते.

इथे आपली मुलं कुठून आली आहेत ते बघावं लागतं. ज्या गावात हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतुतूचे अखिल भारतीय सामने भरवले, तिथल्या मुलांना पकड शिकवावी लागत नाही, ती सोडवावी लागते. कबड्डीचा मुलगा समोर पळणारा दिसला की वाकतो आणि थेट कंबरेला मिठी नाहीतर घोट्याला हात. फ्लॅग फुटबॉलमध्ये हा सरळ फाउल, शिवाय हाडं मोडायची भीती. अशा मुलाला पहिले काही दिवस एक हात पाठीमागे ठेवून खेळवा, मिठी आपोआप सुटते.

खो-खोच्या मुलांची गंमत उलटी. माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी होती, पळण्यात वाऱ्यासारखी. समोरच्याला सहज गाठायची, फ्लॅगला तळवा लावायची आणि हात वर करून माझ्याकडे बघत उभी राहायची. तोवर तो गडी एंड झोनमध्ये. "ताई, आउट केला ना मी!" तिच्या हिशेबात स्पर्श झाला म्हणजे संपलं. समजावून उपयोग झाला नाही. मग मी नियम केला की गुण माझ्या हातात फ्लॅग आणून देईल त्यालाच. दुसऱ्या दिवसापासून ती मुठी भरभरून फ्लॅग आणायला लागली, काही तर उभ्या असलेल्या मुलांचेसुद्धा.

सराव साधा आहे. चार शंकू लावून पाच-सहा पावलं रुंदीची गल्ली करा. एक पळणारा, एक ओढणारा. ओढणाऱ्याला तीन गोष्टी सांगा. नजर पळणाऱ्याच्या कंबरेवर, डोळ्यांवर नाही, कारण हूल खांद्यांतून आणि डोळ्यांतून दिली जाते, कंबर जाते तिकडेच माणूस जातो. जवळ पोचल्यावर वेग तोडून छोटी छोटी पावलं, नाहीतर पुढे निसटून जाल. आणि हात फ्लॅगच्या वरच्या टोकाला घालून खाली हिसका. ओढला की आहे तिथेच थांबून फ्लॅग उंच धरायचा, कारण पुढचा डाउन तिथून सुरू होतो. मग तो ज्याचा त्याला परत द्यायचा. फेकून दिलेला मला चालत नाही.

पळणाऱ्यांना एकच सांगायचं: हात फ्लॅगपाशी न्यायचा नाही. कबड्डीत हात झटकून सुटायची सवय असलेली मुलं इथे नकळत समोरच्याचा हात उडवतात आणि दंड बसतो. वळा, थांबा, दिशा बदला, पण चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरून. त्याने हातही गुंततात आणि चेंडूही पडत नाही.

क्रिकेटवाल्यांचा फायदा झेल घेण्यात होतो. छातीच्या वर आलेला चेंडू बोटं वर करून, कमरेखाली आलेला बोटं खाली करून, हे त्यांना आधीच येतं. फेकीत मात्र ते अडतात. सीमारेषेवरून आडव्या हाताने फेकायची सवय असते, तशी फेकली की हा लंबगोल चेंडू हवेत डुचमळतो. बोटं लेसवर, म्हणजे चेंडूच्या शिवणीवरच्या दोरीवर, तळवा आणि चेंडू यांच्यात थोडी फट, कोपर खांद्याच्या उंचीवर, पुढचा पाय जिकडे फेकायचं तिकडे. चेंडूचा आकार वयाप्रमाणे घ्या. मोठ्यांचा चेंडू दहा वर्षांच्या हातात मावत नाही, मग मुलं दोन्ही हातांनी ढकलतात आणि ती सवय पुढे जाता जात नाही.

डावपेच? चार पुरेत. इंटरनेटवर शेकडो आखणी मिळतात, त्या मोबाइलमध्येच राहू द्या. मी एका पुठ्ठ्यावर स्केचपेनने चार डाव काढते आणि त्यांना मुलांनी ठेवलेली नावं देते. आमच्या एका डावाचं नाव फाफडा आहे. का, ते मलाही माहीत नाही, पण ते ऐकल्यावर पाचही जण बरोबर जागेवर जातात.

साहित्यात पट्ट्यांवर पैसे वाचवू नका. वेल्क्रोचे पट्टे धुळीने लवकर ढिले होतात, ओढण्याआधीच गळतात आणि मग भांडणं. खटका असलेले जरा महाग पडतात पण टिकतात. चड्डीला खिसे नकोत, खिशात बोट अडकून मुरगळतं. शर्ट आत खोचलेला.

बडोद्याचं वेळापत्रक मात्र कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, तेव्हा सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत मुलांना घरी पाठवा. नवरात्रीत सकाळी कोणी येत नाही, आलंच तर गरब्याची झोप डोळ्यांत घेऊन. त्या नऊ दिवसांत फक्त झेल आणि गप्पा. आणि उत्तरायण झालं की सर्वांत आधी मैदान. गवतात, जाळीवर, कडेच्या झाडांवर मांजा लोंबत असतो. पळणाऱ्या मुलाला तो दिसत नाही आणि घोट्याला किंवा गळ्याला बसला तर खोल कापतो. आम्ही सगळे एका रांगेत उभे राहून मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो, हातमोजे घालून, आणि मांजा गोळा करून पिशवीत भरतो. तो पूर्ण निघाल्याशिवाय शिट्टी वाजत नाही, मग सराव बुडाला तरी बेहत्तर.

पालकांचे प्रश्न ठरलेले. "ताई, हेल्मेट लागत नाही ना?" नाही. टीव्हीवर दिसतं ते अमेरिकन फुटबॉल, हे त्याचं बिनधक्क्याचं रूप. "मुलीला काय करायचंय हे?" असं विचारणाऱ्या आजोबांना मी २०२२च्या वर्ल्ड गेम्सची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये महिलांच्या अंतिम सामन्यात मेक्सिकोने अमेरिकेला तिच्याच घरी ३९-६ असं हरवलं. ऑलिंपिकमध्येही पुरुषांचे सहा आणि महिलांचे सहाच संघ असणार आहेत. तिसरा प्रश्न टक्क्यांचा. "ह्याचे मार्क मिळतात का हो?" त्याला मी खोटी आशा लावत नाही. आज मुलाला यातून दम, चपळाई आणि मित्र मिळतील, इतकंच सांगते.

आणि तुमचं स्वतःचं? नुसत्या फ्लॅग फुटबॉलवर बडोद्यात घर चालत नाही. शाळेतली पी.टी.ची नोकरी किंवा एखाद्या रुळलेल्या खेळाचं कोचिंग हा पाया ठेवा, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम जमेल त्या खेळात करून टाका आणि हा खेळ संध्याकाळच्या बॅचला ठेवा. प्रथमोपचार मात्र आधी शिका. पालक पदवी विचारत नाहीत, पण गुडघा फुटल्यावर तुम्ही काय करता ते बघतात.

पहिल्या सामन्याला जाताना कोणी किती डाउन खेळायचे हे आदल्या रात्री कागदावर लिहून घ्या, मैदानावर गोंधळात नेहमी तीच तीन चपळ मुलं उतरवली जातात. पिशवीत दोन-चार जादा पट्टे, पंप, बर्फ, ग्लुकोजचा डबा. आणि सगळ्यांच्या सेव-उसळीचे पैसे. सामना जिंकला की हरला हे विचारायच्या आधी मुलं तेच विचारतात.