फोडणी टाकली की स्मोक डिटेक्टर बोंबलतो? या चुका टाळा
अमेरिकेत नवीन आलेल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न मला इतकी वर्षं येतोय, आणि विचारेपर्यंत निम्म्यांनी बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकलेली असते, ह्याचा खरंच त्रास होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे धूर झाला की अपार्टमेंटचं मुख्य दार उघडणं. घरातला डिटेक्टर बहुतेक ठिकाणी फक्त तुमच्याच घरात वाजतो, पण बाहेर कॉरिडॉरमधला अख्ख्या बिल्डिंगच्या पॅनलला जोडलेला असतो. आमच्या मजल्यावरच्या एका नवीन जोडप्याने ऐन जानेवारीत ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या, अलार्म वाजला म्हणून दार सताड उघडून टॉवेलने धूर बाहेर घालवायला लागले आणि थोड्याच वेळात सगळी बिल्डिंग जिन्याने खाली, बर्फात, कोणी नाईटड्रेसवर जॅकेट घातलेलं, कोणाच्या कडेवर तान्हं बाळ, फायर ब्रिगेडने मजला तपासेपर्यंत कोणालाच वर सोडलं नाही. ती मुलगी बिचारी रडकुंडीला आली होती. तिला घर देताना हे कोणीच सांगितलं नव्हतं!

म्हणून दार बंदच ठेवायचं. खिडकी उघडायची आणि टेबलफॅन तोंड बाहेर करून खिडकीत लावायचा, तोसुद्धा तेल तापायच्या आधी. मी कांदा चिरायला घेतानाच फॅन लावते. स्टोव्हवरच्या हूडच्या भरवशावर राहू नका, पुष्कळ अपार्टमेंट्समध्ये तो हवा फक्त फिल्टरमधून फिरवून परत किचनमध्येच सोडतो. तरी डिटेक्टर वाजलाच तर त्यावरचं हश (आवाज थांबवायचं) बटण मॉपच्या दांड्याने दाबा, तो साधारण आठ-दहा मिनिटं गप्प बसतो आणि नंतर आपोआप परत कामाला लागतो.

बॅटरी काढणं, वर शॉवर कॅप चढवणं हे मला अजिबात मान्य नाही. संध्याकाळी काढलेली बॅटरी रात्री परत लावायची आठवण कोणालाच राहत नाही, आणि डिटेक्टरची खरी गरज असते ती आपण झोपेत असताना. त्यापेक्षा डिटेक्टर उतरवून मागचं लेबल वाचा. आयनायझेशन प्रकारचा असेल (त्याच्या लेबलवर अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी पदार्थाचा उल्लेख असतो) तर तापलेल्या तेलाच्या बारीक कणांनीसुद्धा तो पटकन वाजतो. दुसरा प्रकार, म्हणजे प्रकाशाने धूर ओळखणारा फोटोइलेक्ट्रिक, स्वयंपाकाला कमी बिचकतो आणि सोफा-गादी धुमसत असेल तर लवकर कळवतो, म्हणून किचनजवळ तोच लावून द्या असं लँडलॉर्डला ईमेलवर लिहा. स्टोव्हपासून निदान १० फूट लांब हवा, तेही लिहा.

वाफेनेही डिटेक्टर वाजतो, म्हणून तो बाथरूमच्या दारापासून ३ फूट तरी लांब हवा. अंघोळीनंतर वाफ कोंडलेली असताना दार सताड उघडू नका. धूळ आणि किडे आत गेले तरी उगाच वाजतो, व्हॅक्यूमचा मऊ ब्रश फिरवा, स्प्रे मारू नका. ओव्हनच्या तळाशी सांडलेलं चीज जळतं, ते पुसा.

पहाटे तीनला अधूनमधून 'चिक' होतं तो धूर नाही, बॅटरी संपत आलीय. पहाटे घर गार पडतं, बॅटरीचं व्होल्टेज उतरतं म्हणून नेमकं तेव्हाच. एका कुटुंबाने घाईघाईत छतावरचे सगळे डिटेक्टर उतरवून ठेवले तरी आवाज चालूच, शेवटी सोफ्यामागच्या प्लगमध्ये जुना कार्बन मोनॉक्साईडचा (या विषारी वायूची सूचना देणारा) अलार्म सापडला. एवढी घाई कशाला? प्रत्येकाखाली मिनिटभर शांत उभं राहून ऐका. नवीन बॅटरी घालूनही चिकचिक थांबत नसेल तर मागची उत्पादनाची तारीख बघा, १० वर्षं झाली असतील तर पूर्ण बदला.

आणि आवाज मोजायची सवय लावा. तीन बीप आणि थांबा म्हणजे धूर. चार बीप आणि थांबा म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, त्याला वास नसतो, रंग नसतो, त्यामुळे खिडक्या उघडत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच ९११ लावा.